आजचं चिंतन: कच्चं मडकं



रविवारी पंढरपुरात होतो. नामदेव पायरीपाशी भाचा हळूच म्हणाला, "मामा, आईला सांग ना. मला कॉलेज सोडून पूर्णवेळ क्रिकेट खेळायचंय." वय सतरा. खेळतो छान, हे मी मामा म्हणून नाही म्हणत आहे.

लगेच उत्तर सुचलं नाही. समोर पायरी होती, म्हणून गोरोबाकाकांच्या घरची ती कथा आठवली. मुक्ताबाईंनी थापटणं बघून विचारलं, हे कशासाठी? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते कळायला. मग आमचीही परीक्षा घ्या! काकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प राहिले, नामदेवराय मात्र रागावले. निकाल लागला: हे मडकं कच्चं.

गंमत बघा. नामदेवांशी तर साक्षात पांडुरंग बोलत होता. म्हणजे गुणवत्ता होतीच, भक्तीही खरी होती. तरी कच्चे. आणि परीक्षा सुचवणाऱ्या मुक्ताबाई वयाने लहान. त्यामुळे 'अजून लहान आहेस' हे भाच्याला द्यायचं उत्तर नव्हेच.

मला पृथ्वी शॉ आठवला. 2013 मध्ये हॅरिस शील्डमध्ये 546 धावा, वय चौदा. 2018 च्या आयपीएल लिलावात 1.2 कोटी, त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात शतक. नोव्हेंबर 2024 च्या लिलावात मूळ किंमत 75 लाख, आणि एकाही संघाने बोली लावली नाही. वय पंचवीस. त्याच लिलावात तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला 1.10 कोटी मिळाले. पृथ्वीला नावं ठेवणं सोपं आहे. मला तो प्रश्न त्याच्यापेक्षा आपल्याला विचारावासा वाटतो. चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर आपण सगळ्यांनी हार घातले, थापटणं कोण मारणार होतं? ज्याला मडकं आजच विकायचंय, तो ते वाजवून कशाला बघेल?

पण कल्याणच्या प्रणव धनावडेची गोष्ट वेगळी. जानेवारी 2016 मध्ये एका डावात नाबाद 1009. वडील रिक्षाचालक. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढे मुलाचा फॉर्म गेला, तेव्हा 2017 मध्ये वडिलांनीच ती थांबवा म्हणून कळवलं. रिक्षावर घर चालतं आणि महिन्याचे दहा हजार नको म्हणायचे! ते वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये नुसता बसून राहिलो होतो. (आम्हा इंजिनिअर लोकांना पहिलं पॅकेज हातात पडलं की आपण पक्के झालो असंच वाटतं. मला तरी वाटलं होतं.)

नामदेवराय रुसून पंढरीला आले, विठ्ठलाकडे तक्रार केली. देवाने समजूत घातली नाही, औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवलं. कीर्तन सोड असं मात्र सांगितलं नाही.

भाच्याला एवढंच विचारलं, "तुझ्या खेळातून एक पैसाही मिळणार नाही असा कोण आहे, जो तुला तोंडावर 'कच्चा' म्हणेल?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आमचे शाळेतले सर. पण त्यांच्याकडे जाणं मी सोडलंय."

संध्याकाळी सरांच्या घरी गेलो दोघं. कुलूप होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, गुरुवारी येतील. भाच्याने फोनमध्ये गुरुवारचा अलार्म लावला.