दहावी बोअर

दक्षिण ऑस्ट्रेलियात तांबं पहिल्यांदा सापडलं ते माणसांच्या डोळ्यांना. १८४५ मध्ये बर्राला, १८६१ मध्ये मूंटाला मेंढपाळांनी हिरवट दगड पाहिले, उचलले, दाखवले आणि तिथे खाणी उभ्या राहिल्या. पण हिरवे दगड जिथे वर आलेले असतात, तिथली तांब्याची कथा एक-दोन पिढ्यांत संपते. उरतं ते झाकलेलं.

ॲडलेडच्या उत्तरेला साडेपाचशे किलोमीटरवर असा झाकलेला मुलूख आहे. वर लाल वाळूचे उंचवटे, खुरटी झुडपं, मैलोन्‌मैल मेंढ्यांची कुरणं. कोकथा लोकांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी. वाळूखाली चुनखडी, मग क्वार्टझाइट, मग शेल असे पन्नास-साठ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या गाळाचे थर आडवे पसरलेले. त्यांची जाडी तीनशे मीटरांच्या वर, आणि त्यांच्यात तांब्याचा मागमूस नाही. खरा जुना खडक त्यांच्याही खाली. वरून चालणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. गोधडी पांघरून झोपलेल्या मुलाचा हात कुठे, पाय कुठे, हे वरच्या उंचसखलपणावरून ताडावं, तसं काहीसं हे काम; आणि इथे तर वरचा उंचसखलपणाही खालचं काही सांगत नाही.

वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशनचे खनिजशोधाचे प्रमुख रॉय वुडॉल यांनी या मुलखात तांबं शोधायचं ठरवलं तेव्हा त्यांच्याजवळ खुणेचा दगड नव्हता. जवळ होती ती माणसं, आणि ती एकमेकांहून अगदी वेगळी होती.

डग्लस हेन्स हे रसायनाच्या अंगाने विचार करणारे. बसॉल्ट आपल्याला परका नाही, महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री त्याचाच. साध्या बसॉल्टच्या एका टनात शंभरेक ग्रॅम तांबं विखुरलेलं असतं. हेन्स यांचं म्हणणं असं, की जमिनीतल्या खारट, प्राणवायूयुक्त पाण्याने बसॉल्ट आतून गंजला, त्यातलं मॅग्नेटाइट लालसर हेमॅटाइट झालं, की हे विखुरलेलं तांबं सुटं होतं आणि पाण्याबरोबर चालू लागतं. मग वरच्या गाळाच्या खडकात योग्य जागा मिळाली की ते तिथे साचतं. झांबियातलं तांबंही गाळाच्या खडकातलंच. म्हणून, गाळाखाली गंजलेला बसॉल्ट शोधा.

ह्यू रटर हे भूभौतिकीचे. त्यांनी सरकारी सर्वेक्षणाचे गुरुत्वाकर्षणाचे आणि चुंबकीय नकाशे समोर घेतले. काही ठिकाणी दोन्ही आकडे एकाच जागी चढलेले दिसत होते. खाली काहीतरी जड होतं आणि काहीतरी चुंबकीयही. बसॉल्टचा ठोकळा वर उचलला गेला असेल तर असंच दिसेल, असा त्यांचा निष्कर्ष.

टिम ओड्रिस्कॉल तिसरेच. ते जमिनीवरच्या रेघा वाचत. हवाई छायाचित्रांत आणि नकाशांत शेकडो किलोमीटर धावणाऱ्या अस्पष्ट रेघा असतात, त्या खोलवरच्या भेगांच्या खुणा आहेत आणि मोठे साठे त्यांच्या छेदांजवळ सापडतात, असा त्यांचा अभ्यास. पुष्कळ भूशास्त्रज्ञांचा या रेघांवर विश्वास नव्हता.

तिघांच्या वाटा वेगळ्या होत्या, तरी तिघांची बोटं नकाशावर जवळजवळ एकाच भागाकडे गेली. वुडॉल यांचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी तिघांत खरा कोण, याचा निवाडा केला नाही. तो निवाडा करायचा अधिकार फक्त ड्रिलच्या दांड्याला आहे, हे त्यांनी ओळखलं, आणि बोअर घ्यायला पैसे दिले.

रॉक्सबी डाउन्स नावाच्या कुरणावर १९५६ साली, मेलबर्नला ऑलिंपिक भरलं त्या वर्षी, मेंढ्यांसाठी एक तलाव खणला होता. त्याचं नाव ऑलिंपिक डॅम. त्याच्या जवळ १९७५ च्या मध्यावर पहिली बोअर सुरू झाली, आरडी-१.

ज्याने शेतात बोअर घेतली आहे त्याला ते दिवस सांगायला नकोत. दांड्यामागून दांडा आत जातो, पैसा जातो, आणि वर येतो तो भुसा. इथेही शंभर मीटर, दोनशे, तीनशे, सगळा कोरडा गाळाचा खडक. ३५३ मीटरच्या पुढे मात्र खडक बदलला. पुढच्या ३८ मीटरमध्ये सरासरी १.०५ टक्के तांबं निघालं.

आनंदाची गोष्ट, पण कथेचा कस लागतो तो इथून. कारण वर आलेला खडक बसॉल्ट नव्हता. ज्या बसॉल्टवर सगळा हिशेब मांडला होता, तो तिथे नव्हताच. होता फुटलेला, चुरडलेला आणि हेमॅटाइटने पुन्हा सांधलेला ग्रॅनाइट, जवळजवळ १५९ कोटी वर्षांपूर्वीचा. गुरुत्वाकर्षणाचा आकडा बसॉल्टने नव्हे, त्या जड हेमॅटाइटने चढवला होता. हेमॅटाइट चुंबकाला फारशी दाद देत नाही, तेव्हा चुंबकीय आकड्याचं कारण आणखी खोल कुठेतरी. तांबं गाळाच्या खडकातही नव्हतं, त्याच्या खालीच होतं. अशा जातीचा साठा तोवर कोणाच्या पुस्तकात नव्हता.

अशा वेळी माणसाला दोन वाटा सोप्या वाटतात. आपला सिद्धान्त वाचवायचा आणि खडकालाच ओढूनताणून त्यात बसवायचं, ही एक. सिद्धान्त चुकला म्हणून तंबू गुंडाळायचा, ही दुसरी. या लोकांनी कोअरची, म्हणजे ड्रिलने वर काढलेल्या खडकाची, लांबच लांब नळकांडी मांडून ठेवली आणि पुढच्या बोअरी घेतल्या. मधल्या बोअरींनी कधी थोडं दिलं, कधी हाती काहीच लागू दिलं नाही. पहिल्या यशानंतरच्या कोरड्या बोअरी फार झोंबतात, कारण तोवर आशा लागलेली असते. तरीही कंपनीने हात आखडला नाही.

१९७६ च्या अखेरीस आरडी-१० आली. १७० मीटर जाडीत २ टक्क्यांहून अधिक तांबं, आणि जोडीला युरेनियम. सोनं आणि चांदीही त्याच खडकात. पुढे कळलं की हा जगातल्या अतिप्रचंड साठ्यांपैकी एक आहे. १९८८ मध्ये तिथल्या भूमिगत खाणीतून उत्पादन सुरू झालं आणि मेंढ्यांच्या तलावाचं नाव जगभरच्या भूशास्त्राच्या वर्गांत पोचलं.

मग जे झालं तेही सांगायला हवं. या जातीला लोह-ऑक्साइड-तांबं-सोनं असं नाव मिळालं आणि ऑलिंपिक डॅम हा नवा साचा ठरला. जिथे जिथे गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व एकत्र चढलेलं दिसे, तिथे लोक बोअरी घेऊ लागले. बहुतेकांना लोखंड भरपूर मिळालं, तांबं नाही. ज्या शोधाने जुना साचा मोडला, त्याचाच नवा साचा झाला होता. मला याचं वाईट वाटतं, कारण त्या अपयशी बोअरींमागेही कष्टाळू माणसं होती. त्यांनी फक्त खडकाला प्रश्न विचारण्याऐवजी उत्तर सोबत नेलं होतं.

याला एक अपवादही आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातच कूबर पेडी गावाच्या आग्नेयेला प्रॉमिनंट हिल नावाची जागा आहे. तिथेही शंभरेक मीटर गाळाचं आवरण. चुंबकीय आकडा एका बाजूला जोरात चढलेला, आणि त्याच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षणाचा वेगळा उंचवटा, चुंबकत्व बेताचं. २००१ मध्ये मिनोटॉर या छोट्या कंपनीने ड्रिल त्या दुसऱ्या उंचवट्यावर रोवलं. मॅग्नेटाइट चुंबकाला ओढतं, हेमॅटाइट नाही, आणि ऑलिंपिक डॅमला तांबं हेमॅटाइटमध्ये होतं, एवढी एक गोष्ट त्यामागे होती. खाली तांबं आणि सोनं लागलं, आणि २००९ मध्ये तिथे खाण सुरू झाली.