राशीआधीचा वाटा

एकट्याने खाणे हा दोष आहे, याविषयी भारतीय धर्मपरंपरांत फारसा मतभेद आढळत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ११७ वे सूक्त, जे भिक्षुसूक्त या नावाने ओळखले जाते, ते एकट्याने खाणाऱ्याला निव्वळ पापाचा वाटेकरी ठरवते, आणि गीतेचा तिसरा अध्याय स्वतःपुरतेच शिजवणाऱ्याविषयी जवळपास तोच निवाडा देतो. मतभेद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नावर, तो म्हणजे वाटणी नेमकी कोठून सुरू व्हावी. धान्य पिकून, मळून, एकाच्या कणगीत पडल्यावर त्याने आपल्या मनाच्या मोठेपणाने त्यातले काही इतरांना द्यावे, की कुदळ जमिनीला लागण्यापूर्वीच हे पीक अनेकांचे आहे असे ठरलेले असावे? वरवर पाहता हा शेतीच्या व्यवस्थेचा प्रश्न वाटतो. परंतु पहिल्या रीतीत एक दाता आणि एक याचक शिल्लक राहतो, पुण्य एकाच्या पदरी पडते आणि उपकाराचे ओझे दुसऱ्याच्या माथी बसते, तर दुसऱ्या रीतीत या दोन्ही भूमिकांना जागाच राहत नाही, आणि म्हणून दानाला धर्माचे एक मुख्य अंग मानणाऱ्या परंपरेला सामुदायिक मळ्याचा विचार करताना आपल्याच पायाचा विचार करावा लागतो.

गीतेतील विवेचन या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे. तेथे अन्न, पाऊस, यज्ञ आणि कर्म यांची एक साखळी सांगितली आहे: प्राणी अन्नापासून होतात, अन्न पावसापासून होते, पाऊस यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून. या चक्रातून घेऊन त्यात परत काही न घालणारा तो चोर, आणि यज्ञ झाल्यावर जे उरते, म्हणजे ज्याला यज्ञशेष म्हणतात, ते खाणारा तो निर्दोष. या मांडणीचा अर्थ नीट लावला तर माणसाच्या ताटात पडणारे सर्वच अन्न ‘उरलेले’ ठरते. ते मुळात त्याचे नव्हते, इतरांचे देणे फेडल्यावर त्याच्याकडे आले आहे. एवढा टोकाचा विचार ज्या ग्रंथात आहे, त्याच्या आधारे चालणाऱ्या समाजात मात्र यज्ञशेषाची कल्पना गृहस्थाच्या नित्यविधीत बंदिस्त झाली. पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञात जेवणापूर्वी इतर प्राण्यांसाठी अन्नाचा भाग काढून ठेवण्याचा जो आचार आहे, त्याचा तपशील मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात येतो: कुत्रे, पतित, श्वपच म्हणजे अंत्यज मानलेले लोक, पापरोगी, कावळे आणि कृमी यांच्यासाठी अन्न हळूच जमिनीवर ठेवावे. वाटा आहे, तो विसरलेला नाही, आणि तो अत्यंत काळजीपूर्वक सांगितला आहे. परंतु तो जमिनीवर आहे, आणि माणसे कावळ्या-कुत्र्यांच्या यादीत आहेत. नुसते वाटून खाण्याने धर्म पुरा होत नाही, हे सांगायला याहून स्पष्ट पुरावा लागू नये.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात हीच गोष्ट खळ्यावर दिसत असे. मळणी होऊन, वारवून, धान्याची रास पडली की कुणब्याच्या घरी ती जाण्याआधी सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव असे बलुतेदार आपापले बलुते, म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल पिकातून मिळणारा ठरीव हक्काचा भाग, घेण्यासाठी खळ्यावर येत. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात या व्यवस्थेचे जे तपशीलवार वर्णन आले आहे, ते वाचताना एक गोष्ट मान्य करावी लागते, ती ही की रास ही कोणा एकट्याची नसते असे त्या व्यवस्थेने गृहीत धरले होते. परंतु त्या राशीभोवती उभ्या असलेल्या माणसांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी होत्या, कोणाला किती आणि कोणाच्या मागून हे जन्माने ठरलेले होते, आणि ज्याला धान्याबरोबर मेलेले जनावर ओढण्याचे कामही हक्क म्हणून मिळत होते, त्याला तो हक्क नाकारण्याची मुभा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले, त्यामागे हाच अनुभव होता: ठरलेला वाटा हा माणसाला बांधून ठेवणारा दोरही होऊ शकतो. जे लोक जुन्या गावाच्या परस्परावलंबनाचे गोडवे गातात, त्यांनी खळ्यावरच्या धान्याइतकेच खळ्यावरच्या ओळींकडेही पाहायला हवे. कोणाला किती मिळाले हे मापाने कळते. माप कोणाच्या हातात होते, हा धर्माच्या दृष्टीने अधिक मूलगामी प्रश्न आहे.

हा प्रश्न जगात ज्यांनी अत्यंत निर्भयपणे विचारला, त्यांत सतराव्या शतकातील इंग्लंडमधील जेरार्ड विन्स्टनली याचे नाव घ्यावे लागते. कापडाचा व्यापार बुडालेला हा माणूस सरे परगण्यात गुरे राखून पोट भरत होता. ३० जानेवारी १६४९ रोजी राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला, आणि त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, १ एप्रिल रोजी, विन्स्टनली आणि त्याचे मोजके सोबती सेंट जॉर्ज टेकडीवरच्या पडीक सार्वजनिक जमिनीवर कुदळी घेऊन गेले. ही जमीन आपल्याकडील गायरानासारखी होती: गावाच्या वापराची, पण जमीनदाराच्या अधिकाराखालची. तेथे त्यांनी गाजर, पार्सनिप नावाचे गाजरासारखेच कंद आणि घेवडा लावला, आणि जो कोणी येऊन काम करील त्याला खाण्यापिण्याची सोय मिळेल असे जाहीर केले. लोकांनी त्यांना ‘डिगर्स’ म्हणजे खोदणारे म्हटले.

या भाजीच्या वाफ्यांमागे एक संपूर्ण ईश्वरविचार होता. विन्स्टनलीने ईश्वराला ‘विवेक’ या नावाने संबोधले. त्याच्या मते त्या विवेकाने पृथ्वी हे सर्वांचे सामाईक भांडार म्हणून निर्माण केले होते, आणि बायबलमधील आदमाचे पतन ही फार पूर्वी कोण्या बागेत एकदाच घडून गेलेली घटना नव्हती. माणसाने जमिनीभोवती कुंपण घालून ‘हे माझे, ते तुझे’ असे म्हटले तेव्हा पतन घडले, आणि प्रत्येक माणसाच्या मनातील लोभातून ते रोज घडते. म्हणून त्याच्या दृष्टीने एकत्र कसणे आणि एकत्र भाकरी खाणे हे मुक्तीनंतर मिळणारे फळ नव्हते, ती मुक्तीचीच प्रत्यक्ष क्रिया होती. शेजारच्या जमीनदारांनी पिके तुडवली, मारहाण केली, खटले भरले. डिगर्स ती टेकडी सोडून जवळच्या कॉबम येथील माळावर गेले, आणि एप्रिल १६५० मध्ये तेथील जमीनदार, जो स्वतः धर्मोपदेशक होता, त्याच्या पुढाकाराने त्यांच्या झोपड्या जाळून त्यांना हुसकावण्यात आले. प्रयोग जेमतेम वर्षभर टिकला. तरीही त्याचे तात्त्विक महत्त्व कमी होत नाही, कारण दानधर्माच्या ख्रिस्ती परंपरेत वाढलेल्या या माणसाने दान मागितले नाही; वाटा हा मालकीच्या नंतर येत नसून मालकीच्या आधी येतो, एवढेच त्याने कुदळीने सांगितले.

विनोबा भावे यांचा मार्ग वेगळ्या भूमीतून निघाला असला, तरी तो याच ठिकाणी येऊन पोहोचतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या गीता-प्रवचनांत, सतराव्या अध्यायाच्या विवेचनात, यज्ञ, दान आणि तप या तीन जुन्या शब्दांची त्यांनी केलेली उकल या विषयाच्या गाभ्याची आहे. माणूस सृष्टी, समाज आणि शरीर अशा तीन संस्था बरोबर घेऊन जन्माला येतो. तिन्हींचा वापर करताना त्यांची झीज करतो. सृष्टीची झीज भरून काढणे हा यज्ञ, समाजाचे ऋण फेडणे हे दान, आणि शरीराची शुद्धी राखणे हे तप. या अर्थाने दान म्हणजे जादा असलेल्यातून काही देणे राहत नाही, ते घेतलेले परत करणे होते, आणि परतफेड करणाऱ्याला उपकारकर्ता म्हणवून घेण्याचा अधिकार नसतो. सामुदायिक मळ्यात या तीन क्रिया एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत: जमिनीला शेणखत आणि पालापाचोळा परत देणे, भाजी सर्वांच्या स्वयंपाकघरात पोहोचवणे आणि उन्हात कंबर वाकवून खणणे यांतील यज्ञ कोठे संपला व दान कोठे सुरू झाले, हे सांगता येत नाही.

वर्ध्याजवळ धाम नदीकाठी असलेल्या पवनारच्या आश्रमात विनोबांनी १९५० च्या सुमारास हे प्रत्यक्षात आणून पाहिले. प्रयोगाचे नाव कांचनमुक्ती, म्हणजे पैशाच्या आधारावाचून जगणे, आणि शेतीच्या रीतीचे नाव ऋषिशेती, म्हणजे बैलाचे श्रमही न घेता केवळ माणसाच्या हातांनी केलेली शेती. नांगराच्या जागी कुदळ आली; विहिरीवरचा रहाटही बैलांऐवजी आश्रमातील माणसांनीच दांडे ढकलीत फिरवायचा असे ठरले. अर्थशास्त्राच्या हिशेबात ही रीत टिकणारी नाही, असा आक्षेप घेता येईल आणि तो खोटा म्हणता येणार नाही. परंतु रहाटाच्या दांड्याला हात लावून गोल फिरणाऱ्या माणसांत शास्त्री कोण आणि शेतमजूर कोण हे ओळखू येत नाही, आणि खळ्यावरच्या ओळी मोडण्याचे जे काम शतकानुशतकांच्या अन्नदानाने केले नव्हते, ते अशा विहिरीवर काही प्रमाणात तरी घडत होते. मार्च १९५१ मध्ये विनोबा पवनारहून पायी तेलंगणाकडे निघाले आणि १८ एप्रिलला पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला. भूदानाची सर्वत्र झालेली चर्चा आणि त्याआधीच्या या वाफ्यांबद्दलचे मौन यांतील अंतर खेदकारक आहे, कारण पुढे जमिनीबद्दल जे मागितले गेले त्याचे बीज येथे होते.

येथवर आल्यावर या विचारातील सर्वांत अवघड गाठ समोर येते. जो काम करीत नाही, त्याचा वाटा कोणता? गीता त्याला चोर म्हणते. गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून लिहिलेल्या व्रतविषयक पत्रांत, टॉल्स्टॉय आणि रशियन शेतकरी बोंदारेव यांच्या विचाराला गीतेच्या या तिसऱ्या अध्यायाची जोड देऊन, शरीरश्रम हे व्रत म्हणून मांडले. विन्स्टनलीने तर १६५२ च्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात आळशी माणसाला आधी समज, मग फटके आणि अखेरीस सक्तमजुरी अशी शिक्षांची पायरी आखून दिली. ज्याने पृथ्वी सर्वांची म्हटले, त्यालाच सामाईक भांडाराच्या दारावर पहारेकरी बसवावा लागला, ही गोष्ट त्याच्या आदर्शाला कमीपणा आणणारी असली तरी टाळून पुढे जाता येण्यासारखी नाही. श्रमाला वाटणीची अट केले की आजारी, म्हातारा, अपंग आणि नुकतीच बाळंत झालेली बाई यांना अपवाद म्हणून अर्ज करावा लागतो, आणि अपवाद मंजूर करणारा माणूस हा पुन्हा नवा मालकच असतो.

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत या गाठीची एक उकल दडलेली आहे. तेथे अन्नाविषयी काही व्रते सांगितली आहेत: अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न पुष्कळ वाढवावे, आणि वस्तीला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये. पुष्कळ पिकवण्याची आज्ञा आणि कोणालाही न नाकारण्याची आज्ञा येथे शेजारी शेजारी आहेत, आणि दोन्ही एकालाच, म्हणजे यजमानालाच, उद्देशून आहेत. आलेल्याने काय केले हे विचारण्याची तरतूद नाही. श्रम हे प्रत्येकाने स्वतःकडून मागायचे आहेत, दुसऱ्याच्या ताटापुढे उभे राहून मागायचे नाहीत. भूदानातून पुढे निघालेल्या ग्रामदान चळवळीच्या नंतरच्या, म्हणजे सुलभ ग्रामदानाच्या, नियमांत याचीच छाया दिसते: जमिनीची मालकी ग्रामसभेकडे, विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी, आणि उत्पन्नाचा चाळिसावा भाग, म्हणजे मणामागे एक शेर, ग्रामकोषात. घोषित झालेल्या ग्रामदानांपैकी बहुतेक कागदावरच राहिली, हे खरे. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २०१३ साली महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाचा आधार घेऊन गावातील सर्व जमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला तो सर्वसहमतीने, आणि माप कोणाच्या हातात असावे या प्रश्नाला तेथे एका गावापुरते तरी उत्तर मिळाले.

त्याहूनही वेधक उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, तेलंगणातील झहीराबाद परिसरात सापडते. तेथे १९८३ पासून काम करणाऱ्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधाराने गावोगाव संघटित झालेल्या स्त्रियांनी, ज्यांतील बहुसंख्य दलित आहेत, पडीक जमिनी सामुदायिक रीतीने कसायला घेतल्या, ज्वारी आणि तूर यांच्यासारखी कोरडवाहू पिके मिसळून पेरली, आणि बियाणे विकत न आणता आपापसात उसने देण्याघेण्यासाठी गावातच राखून ठेवले. १९९० च्या दशकाच्या मध्यात या भागात सुरू झालेल्या धान्यकोषात, पडीक रान लागवडीखाली आणण्यासाठी मदत घेतलेले छोटे शेतकरी ती मदत ज्वारीच्या रूपाने फेडत, आणि ते धान्य पावसाळ्याच्या टंचाईच्या महिन्यांत स्वस्त दराने गावातल्या गरीब घरांना जाई. कोणते घर किती गरजू आहे, कोणाला किती ज्वारी मिळावी, हे गावकऱ्यांनी उघड्यावर एकत्र बसून ठरवायचे, आणि कोषाचा कारभार स्त्रियांच्या समितीने पाहायचा, अशी रीत होती. ज्यांच्यासाठी स्मृतीने जमिनीवर घास ठेवायला सांगितला होता, त्यांच्यातल्याच बाया येथे रास मापीत होत्या, आणि त्या ज्वारीतून ज्याचे शेत नाही, ज्याच्या अंगात बळ नाही, त्याच्या घरचाही वाटा काढीत होत्या.