शेवटचे बटण त्याला लावू द्या



भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. तेव्हापासून इथली घरे पाळीच्या घड्याळावर चालतात. अशा घाईच्या सकाळी घरात विशेष मूल असेल, तर त्याच्या शर्टाची बटणे आईच पटकन लावून टाकते. माया खरी, पण मुलाचे शिकणे राहून जाते.

जपाला वेळ काढता ना? तशीच पाच मिनिटे या बटणांना द्या. वरची तुम्ही लावा, शेवटचे त्याला लावू द्या. जमले की शेवटची दोन. आपला हात आवरून शेजारी बसणे हेही तपच आहे. कुणी ‘मागच्या जन्माचे भोग’ म्हणाले, तर मनाला लावून घेऊ नका. मूल ही शिक्षा नसते.

‘आमच्या माघारी याचे काय?’ ही चिंता देवाच्या पायाशी ठेवा, पण कागदपत्रे आपणच करायची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायचा. भिलाईकरांचा जिल्हा दुर्ग. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमाही मिळतो.

आणि ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांनी रविवारी तासभर शेजारच्या मुलाजवळ बसावे. त्याच्या आईला तेवढी झोप मिळाली, तर तुमची सेवा पोहोचली.