वादाचा विषय कसा निवडावा?

मनुष्यप्राणी मोठा वादप्रिय आहे. दोन माणसे एकत्र बसली की तिसऱ्या एखाद्या गोष्टीविषयी त्यांचा मतभेद होतो. आणि तो होत नसेल, तर ती शोधून काढतात. यात मुळात वाईट असे काही नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना वादालाही त्यांत मानाचे स्थान दिले आहे. तेव्हा वाद करावा की न करावा, हा प्रश्न आपल्यापुढे नाही. तो कशाविषयी करावा आणि कोणत्या वृत्तीने करावा, एवढाच प्रश्न आहे.

न्यायसूत्रकार गौतमांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते कळावे म्हणून जी चर्चा होते, तो वाद. जिंकण्यासाठी जी होते आणि जिच्यात शब्दच्छलासारखे उपायही चालतात, तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करीत राहणे, ही वितंडा. यांतील वितंडा आपल्या बोलीत ‘वितंडवाद’ म्हणून अजून जिवंत आहे. जल्प हा शब्द मात्र आपण विसरलो. शब्द विसरला तरी वस्तू राहिली आहे. किंबहुना आपण ज्याला वाद म्हणतो तो बहुधा जल्पच असतो, हे मला स्वानुभवाने कळले. तो अनुभव येथे सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंदिराच्या सभामंडपात आम्ही काही तरुणांनी दर शनिवारी आरतीनंतर वादविवादासाठी बसण्याचा परिपाठ ठेवला. दमणगंगेला पूर आलेला, बाहेर संततधार, घरी जाण्याची कोणालाच घाई नाही. चर्चेला रंग चढत असे. मात्र महिन्याभरातच विषयांची टंचाई जाणवू लागली. विज्ञान शाप की वरदान, दैव श्रेष्ठ की प्रयत्न, लेखणी श्रेष्ठ की तलवार, हे शाळेपासूनचे विषय संपले. मग ज्यावरून श्रोते अधिक खवळतील तो विषय अधिक चांगला, असे आमच्या मनाने घेतले. पक्ष चिठ्ठ्या टाकून ठरत. ज्याला जी चिठ्ठी येईल, त्याने तो पक्ष आवेशाने मांडावयाचा.

एका शनिवारी विषय होता, ‘नवस ही श्रद्धा की देवाशी केलेला सौदा?’ माझ्या वाट्याला सौद्याचा पक्ष आला. पुजाऱ्याच्या मुलाने नवसाविरुद्ध बोलावे, यातच श्रोत्यांना निम्मे कौतुक होते. मी म्हणालो की, जो काही घेतल्यावाचून देत नाही तो देव नव्हे, व्यापारी होय. आणि ज्याला नारळ दाखवून वळविता येते, त्याच्यापुढे हात जोडण्याचे कारण नाही. सभामंडपात टाळ्या झाल्या. प्रतिपक्षाला उत्तर सुचले नाही. मी जिंकलो.

आमच्या मंदिरात एक वृद्ध बाई दर सोमवारी बेल घेऊन येतात. मुलगा येथल्या एका कारखान्यात रात्रपाळीला जातो. त्याच्यासाठी बोललेला नवस आहे, एवढे मला ठाऊक होते. त्या शनिवारी त्या खांबाला टेकून बसल्या होत्या, हे माझ्या ध्यानातही नव्हते. सोमवारी त्या आल्या त्या रिकाम्या हाताने. उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, “बाळ, तू शिकलेला. तू परवा बोललास ते ऐकले. मग मी बेल आणू की नको?”

मला उत्तर देता येईना. ‘आणा’ म्हणावे, तर शनिवारी मी जे बोललो ते खोटे ठरत होते. ‘आणू नका’ म्हणावे, तर तसे मला मुळीच वाटत नव्हते. अखेर मी म्हणालो, “आजी, मला तशी चिठ्ठी निघाली होती.” त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. “म्हणजे ते तुझे बोलणे नव्हते?” एवढेच विचारून, उत्तराची वाट न पाहता त्या पायऱ्या उतरल्या.

बाबा गाभाऱ्यात होते. त्यांनी सारे ऐकले होते. समईची वात सारून ते म्हणाले, “वादात जिंकलास खरा. पण पणाला जे लावलेस, ते तिचे होते. तुझे काहीच नव्हते.”

हे वाक्य मला बरेच दिवस सोडीना. आद्य शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची परंपरेने चालत आलेली कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. पण तिचा अर्थ त्या दिवशी कळला. जो हरेल त्याने जिंकणाऱ्याचा आश्रम स्वीकारावा, असा तो पण होता. आचार्य हरते तर त्यांना संन्यास सोडावा लागता. मंडनमिश्र हरले तर त्यांनी गृहस्थाश्रम सोडावयाचा. आणि निवाड्याला कोण, तर मंडनमिश्रांचीच पत्नी भारती. दोघांनीही आपापले सारे आयुष्य तराजूत घातले होते, म्हणून त्या चर्चेला वाद ही पदवी शोभते. शनिवारी मी हरलो असतो, तर माझे काय बदलले असते? काहीही नाही. मी जिंकलो, तेव्हाही माझे काही बदलले नाही. बदलली ती केवळ एका वृद्धेची ओंजळ.

यावर कोणी म्हणेल, विरुद्ध पक्ष मांडण्याने बुद्धीला धार येते. तेही त्याज्य मानावयाचे काय? नाही. आपल्या शास्त्रकारांनी पूर्वपक्ष नेहमी जोरकसपणे मांडला. मात्र तो पूर्वपक्ष आहे हे वाचकाला ठाऊक असे, आणि पुढे सिद्धान्त येत असे. गौतमांनीही जल्प-वितंडांना एक उपयोग सांगितला आहे: कोवळ्या अंकुराला जसे काट्यांचे कुंपण, तशा त्या तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी आहेत. आमची चूक अशी की, आम्ही कुंपण तेवढे घातले आणि आत काही पेरलेच नाही.

दुसरी चूक विषयाच्या मांडणीतच होती. ‘हे की ते’ असा प्रश्न टाकला की, उत्तर दोहोंपैकी एकच असले पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. याविषयीचा धडा दूर शोधावयास नको. आपल्या या भूमीवरूनच एकदा जगापुढे वाद झाला होता. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाली; २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला. दमणहून येथे येण्यास भारताच्या भूमीतून वाट मिळण्याचा आपणास हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो वाद मागे जात जात पेशवाईतील कागदांपर्यंत पोहोचला. १७७९ चा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा यांनी मराठ्यांनी पोर्तुगीजांना काय दिले होते, राज्य की केवळ बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख?

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला, आणि न्यायालयाने प्रश्नाचे तुकडे करून प्रत्येकाचे निराळे उत्तर दिले. मराठ्यांनी दिले ते वसुलाचे उत्पन्न, राज्य नव्हे. मात्र पुढे इंग्रजांनी या गावांवरील पोर्तुगीजांची सत्ता मानली. खासगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना नव्हता. आणि १९५४ मध्ये भारताने वाट रोखली, तीत कर्तव्याचा भंग झाला नाही. एका मुद्द्यावर न्यायाधीश अकराविरुद्ध चार, दुसऱ्यावर आठविरुद्ध सात, तिसऱ्यावर नऊविरुद्ध सहा असे विभागले. एवढ्या तापलेल्या प्रश्नातही कोठे होय व कोठे नाही, हे शांतपणे वेगळे करता येते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. आम्ही मात्र एका वृद्धेच्या बेलाला ‘श्रद्धा की सौदा’ असे दोनच कप्पे ठेवले होते.

पुढच्या सोमवारी मी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, “आजी, मी शनिवारी बोललो ते माझे मत नव्हते. देव काय घेतो नि काय देतो, हे मला कळत नाही. पण तुमचा बेल सौदा आहे, असे मला वाटत नाही.” त्या हसल्या. म्हणाल्या, “अरे, मुलाला नोकरी लागली तेव्हाच नवस फिटला. त्याला किती वर्षे झाली! आता मी काही मागायला येत नाही. यायचे म्हणून येते.” आमच्या दोन्ही पक्षांच्या वक्त्यांपैकी एकालाही हे सुचले नव्हते. जिच्याविषयी वाद चालला होता, तिला विचारावे असेही कोणाला वाटले नव्हते.

आमची शनिवारची बैठक अजून भरते. चिठ्ठ्याही टाकतो, परंतु ‘हा पूर्वपक्ष आहे’ असे आरंभी सांगतो, आणि शेवटी प्रत्येकाने आपले खरे मत व त्यात झालेला बदल सांगितल्याशिवाय कोणी उठत नाही. विषय निवडताना एकच कसोटी लावतो: यात मी हरलो, तर उद्यापासून माझ्या वागण्यात काही बदलेल काय? बदलणार नसेल, तर तो विषय आमचा नव्हे. या कसोटीला फार थोडे विषय उतरतात, आणि त्यामुळे टंचाई पूर्वीपेक्षा अधिकच जाणवते. परंतु तिची खंत वाटत नाही. सोमवारी सकाळी पिंडीवर बेल दिसतो, तेव्हा हरण्यातही लाभ असतो, हे मनाला पुन्हा पटते.