प्रेयाचे गणित

कठोपनिषदात यम नचिकेत्यापुढे श्रेय, म्हणजे हिताचे, आणि प्रेय, म्हणजे केवळ हवेहवेसे, असा भेद मांडतो. यूट्यूबसारख्या माध्यमांची शिफारसप्रणाली, म्हणजे पूर्वीच्या वापरावरून पुढचा मजकूर व जाहिरात निवडणारी गणिती पद्धत, मात्र मुख्यतः प्रेयच मोजते, कारण बोट कुठे थांबले हे तिला कळते, नंतरचा पश्चात्ताप सहसा कळत नाही. अशा वापराची विदा, म्हणजे माहिती, घेण्यासाठी भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले, हे योग्यच. तरी खोल प्रश्न संस्काराचा आहे. योगदर्शनात संस्कार म्हणजे कृतीचा चित्तावर उमटणारा आणि तीच कृती पुन्हा घडवू पाहणारा ठसा. शिफारसप्रणालीत मात्र तो ठसा चित्ताबाहेर, परक्या यंत्रात, नफ्यासाठी जपला जातो, आणि साधकाचा अभ्यास, म्हणजे चित्त स्थिर करण्याचा सततचा प्रयत्न, तिथवर पोहोचत नाही.