पाण्याला हात लागला पाहिजे

शहर सुशोभीकरणाच्या आराखड्यांत पाणी हल्ली बघण्यापुरतं उरलं आहे. चौकात कारंजं, भोवती चकचकीत ग्रॅनाइट, त्याभोवती स्टीलचं रेलिंग आणि रेलिंगवर पाटी: आत जाऊ नये. हा वास्तुरचनेचा किंवा आवडीनिवडीचा प्रश्न समजून आपण सोडून देतो. पण भिवंडीसारख्या गावात तो मुळात धर्माचा प्रश्न आहे. इथे धर्म म्हणजे पूजाअर्चा नव्हे, तर कोण कोणाचं काय देणं लागतं याचा विचार. सार्वजनिक जागेतलं पाणी ही शोभा आहे की देणं? माझं म्हणणं असं की येणाऱ्याजाणाऱ्याचा हात ज्या पाण्याला लागू शकत नाही ते सार्वजनिक नाही, मग त्यावरचा खर्च भले करदात्यांच्या पैशातून झालेला असो.

या मुद्द्यावर आपल्या भागातल्या धर्मांचं नवल वाटावं इतकं एकमत आहे. स्मृतिकारांनी यज्ञयागाला इष्ट म्हटलं आणि लोकांसाठी विहिरी, तळी, बागा करण्याला पूर्त. यज्ञाचा अधिकार ज्यांना नाकारला त्यांनाही पूर्ताचं पुण्य मोकळं ठेवलं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत, आणि तिथल्या दानलेखांत लेण्याच्या जोडीने पाण्याची पोढी (टाकं) दिल्याचा उल्लेख पुन्हापुन्हा येतो. मशिदीच्या हौदाला तर शास्त्राने थेट मापच घालून दिलं. हनफी मताप्रमाणे दहा हात लांब आणि दहा हात रुंद साठा ‘मोठा’ ठरतो, थोड्याशा अशुद्धीने तो बाटत नाही. उत्तरेतून आलेले भिवंडीचे मोमीन विणकर या मताचे. शाफई मताच्या कोकणी मुसलमानांना मात्र दोन मोठ्या रांजणांएवढं पाणी पुरतं. हौदाचा काठ जवळून पाहण्यासारखा असतो: बसायला दगडी बैठक, पायाशी पन्हळ, आणि हातपाय धुतलेलं पाणी हौदात परत न जाता त्या पन्हळीतून बाहेर. पाणी स्वच्छ राहावं म्हणून माणसाला दूर ठेवलेलं नाही. वापरलेल्या पाण्याला वेगळी वाट करून दिली आहे.

बांधकामाच्या साहित्याची गोष्ट इथेच सुरू होते. कोकणपट्टीच्या काळ्या पाषाणाला टाकीचे घाव घालून पृष्ठभाग खडबडीत ठेवला की ओल्या पायाला पकड मिळते. भिवंडी तालुक्यातच अकलोली-गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथे लोक पाण्यात उतरतात, कारण कुंड उतरण्यासाठीच बांधलेलं असतं. पॉलिश केलेला ग्रॅनाइट ओला झाला की पाय घसरतो. पाय घसरतो म्हणून रेलिंग लागतं, रेलिंग आलं की रखवालदार येतो. म्हणजे पाणी बघण्यापुरतं ठेवायचा निर्णय पुष्कळदा कुणी घेतलेलाच नसतो, फरशीच्या निवडीबरोबर तो आपोआप होऊन जातो. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात मधोमध कुंडाच्या पायऱ्या योजल्या. त्या पायऱ्यांना पाण्याचीही गरज पडली नाही, माणसं येऊन बसतात. पायरीचं हे सामर्थ्य सुशोभीकरणवाल्यांच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.

यावर सगळ्यात जड आक्षेप इतिहासाचा आहे. जुन्या पाणवठ्यांचं हे कौतुक कोणाच्या जिवावर? पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेलं पाणी पेठांतल्या हौदांत खेळलं, पण अस्पृश्यांना ते वर्ज्य होतं, म्हणूनच १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद खुला करावा लागला. महाडच्या चवदार तळ्याचं तर काय सांगावं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तो स्वीकारला १९२४ मध्ये, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथलं पाणी प्यायल्यावर सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. तेव्हा दगडी पायऱ्या असल्या म्हणजे न्याय असतोच असं नाही, हे मान्यच आहे. पण याच प्रसंगातून माझा मुद्दा पक्का होतो. तळं लांबून पाहण्याचा हक्क महाडला कुणी मागितला नव्हता. भांडण स्पर्शाचं आणि घोटाचं होतं. आजचं कारंजं सगळ्यांनाच सारखं लांब ठेवतं, आणि या समतेत कुणाच्याच पदरात काही पडत नाही.

दुसरा आक्षेप खास भिवंडीचा. १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेल्या गावात पाणवठा काढला की तो कुणाच्या नावाचा यावरून वाद उठेल, त्यापेक्षा कुणाचंच नसलेलं कारंजं बरं! ही भीती खोटी नाही. पण पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या त्या माणसांना एकमेकांपासून दूर ठेवून नव्हे, समोरासमोर बसवून. आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. लूमच्या पाळीवरून सुटलेल्या कामगारांना एकाच नळावर ओंजळ धरावी लागली तर त्यातून काही बिघडेल असं मानायला आधार नाही.

पाणीटंचाईचा आक्षेप उलट्या बाजूने येतो, आणि तो मला अडचणीचा वाटतो. कारंजं तेच पाणी पंपाने फिरवतं, पाणपोईचं पाणी मात्र खर्चच होतं. तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं, मुंबईचं पांजरापूरचं जलशुद्धीकरण केंद्र भिवंडी तालुक्यातच आहे, आणि त्याच तालुक्यातल्या वस्त्या टँकरची वाट बघतात. अशा ठिकाणी पाणी ‘वाया’ घालवा म्हणणं धाडसाचं आहे. तरी तहानलेल्याच्या घशातून उतरलेल्या पाण्याला वाया गेलं म्हणायला मी तयार नाही. भिवंडीतल्या वऱ्हाळदेवी तलावाबाबत मात्र सावध राहायला हवं: त्याचं पाणी जुन्या गावाला पिण्यासाठी जातं, तेव्हा तिथे उतरायला घाट बांधणं चूक ठरेल. पाणी शुद्ध करून काठाबाहेर आणावं, लहान पोराचा हात पोचेल इतक्या उंचीवर तोटी बसवावी, खाली घडीव काळ्या दगडाची कुंडी ठेवावी, आणि सांडलेलं पाणी पन्हळीतून झाडांच्या आळ्यात सोडावं. एवढं केल्यावर पैसे उरलेच तर कारंजं बसवायलाही हरकत नाही.