आपल्या वाट्याचं

सकाळी डोळे उघडले, की आपल्याला बरेचदा आधी दुसरेच आठवतात. कुणाचा मुलगा पुढे गेला. कुणाचं घर झालं. आणि आपल्या वाट्याचं काम? ते तसंच उशाशी बसलेलं असतं.

अठराव्या शतकात, आजच्या युक्रेनमधल्या हानिपोल गावी झुस्या नावाचे ज्यू संत होते. अगदी गरीब. त्यांचे सख्खे भाऊ एलिमेलेख मात्र मोठे नावाजलेले गुरू. झुस्यांची एक गोष्ट हसिदी या भक्तिपंथाचे ज्यू अजून सांगतात. देवाच्या दारी आपल्याला काय विचारतील, याची झुस्यांना धास्ती होती. तू ज्यूंच्या थोर संदेष्ट्या मोशेसारखा का झाला नाहीस, हे कुणी विचारणार नव्हतं. तू झुस्या का झाला नाहीस, असं विचारलं तर?

ही गोष्ट मला धीर देते, आणि धाकही घालते. मोशे होण्याची शक्ती जर दिलीच नव्हती, तर तिचा जाब कोण मागणार? पण आपल्या वाट्याचं जे आहे, त्यातून सुटका नाही.

हा वाटा रोज सकाळी नव्यानं हाती येतो. श्रद्धाळू ज्यू माणूस जाग येताच, अंथरुणातच, झोपेनंतर आत्मा परत दिल्याबद्दल देवाचे आभार मानतो. आजच्या दिवसासाठीही आपल्यावर विश्वास टाकला गेला आहे, असं त्याला वाटतं.

श्रोतेहो, तुमच्या वाट्याला आज शिवण असेल, शेताला पाणी देणं असेल, आजारी आईचं औषधपाणी असेल. ते तुमच्या हातांनी, तुमच्याच रीतीनं करा. चहाच्या आधीही सुरुवात करता येईल.